मोशीचा नंबर, परदेशातला मुक्काम

मी निरंजन बोराटेचा मोबाइल नंबर बोलतोय. हो, तोच, शेवटी चार साती असलेला. लागलो एकदाचा तुम्हाला! नाहीतर मधे सहा महिने मी कुणालाच लागत नव्हतो.

निरंजन मोशीचा. चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागला, तेव्हा भोसरीतल्या एका दुकानात त्यानं मला निवडलं. चार साती बघून दुकानदार म्हणाला, "नेता वाटाल, राव!" झालं. त्या दिवसापासून नंबर सांगताना पहिले सहा आकडे तो भराभर म्हणायचा आणि साती मात्र एकेक करून, छाती काढून.

माझं कार्ड दोनदा कापून लहान केलं, हँडसेट पाच बदलले, मी तोच राहिलो. "उद्या ओव्हरटाइम करतो का?" हे सुपरवायझरनं माझ्यावरच विचारलं. विजयश्रीचा लग्नाआधीचा पहिला फोनही माझ्यावरच आला. तेव्हा निरंजन इतका गांगरला की तिला "हां सर" म्हणाला.

मग कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं. विजयश्री आणि पाच वर्षांची साक्षीही सोबत जाणार होत्या. घरात माझ्यावरून बैठक बसली. मेहुणा शेखर हिंजवडीत नोकरीला, एकदा परदेशी राहून आलेला. तो म्हणाला, "दाजी, उतरल्या उतरल्या तिथला नंबर घ्या."

"कशाला? व्हॉट्सअ‍ॅप आहे ना!" निरंजन म्हणाला.

त्याचे वडील सोपानराव कोपऱ्यातून म्हणाले, "नंबर बदलला म्हंजी मानूस हरावला. न्हाई बदलायचा."

मी खिशातल्या खिशात फुगलो. खोटं कशाला बोलू?

तिथं गेल्यावर निरंजननं माझं रोमिंग बंद ठेवलं. घरात वायफाय होतं. बाहेर पडला की एका बेकरीचं फुकट वायफाय पकडायला थंडीत कानटोपी घालून फुटपाथवर उभा राहायचा. शेवटी बेकरीवाली बाई त्याला ओळखीनं हात करायला लागली. कुठलाही अर्ज भरताना तो मलाच लिहायचा. समोरचा माणूस आकडे मोजायचा, पुन्हा मोजायचा.

"अहो, आपण राहतो कुठं? इथं की मोशीत?" विजयश्री विचारायची.

"दोन वर्षांचा तर प्रश्न आहे," हे त्याचं ठरलेलं उत्तर. तिच्या नंबरचा विषय काढला, तर म्हणायचा, "आधी माझं बघू." त्याचं बघणं काही होत नव्हतं. साक्षीच्या बालवाडीच्या अर्जावरही त्यानं मलाच लिहिलं, चारही साती ठसठशीत.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी साक्षी बालवाडीतल्या घसरगुंडीवरून पडली. बाईंनी अर्ज काढून मला फोन लावला. चार वेळा लावला. मी निरंजनच्या खिशातच होतो, पण मला काही पत्ता नाही. विजयश्री भाषेच्या क्लासला गेली होती, आणि अर्जावर दुसरा नंबरच नव्हता.

तीन तासांनी, नेहमीच्या वेळेला, निरंजन तिला घ्यायला गेला. साक्षी बाईंच्या मांडीवर बसली होती. मनगटावर बर्फाची पिशवी होती, गालावर वाळलेलं पाणी.

"पप्पा, बाईंनी तुम्हाला किती फोन केले. तुम्ही उचललेच नाहीत."

बाई हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, "इथला एखादा नंबर द्याल का?"

मनगटाचं हाड किंचित चिरलं होतं. प्लास्टर घालून घरी आल्यावर विजयश्रीनं मला उचलून निरंजनसमोर टेबलावर ठेवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं निरंजनच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच दोघं दारात उभी होती. दोघांना दोन नवीन नंबर मिळाले. मी फोनमधल्या सिमच्या पहिल्या खणातून दुसऱ्यात सरकलो.

निरंजननं भीतभीत गावी वडिलांना सांगितलं, "आप्पा, इथला नंबर घेतला."

"पोरीचा हात कसा हाय?"

"बरा आहे."

"मग आदी का न्हाई घेतला रं?"

"तुम्हीच नको म्हणालात ना!"

"म्या काय तिथं ऱ्हातोय व्हय? माझं ऐकायचं ते मोशीत!"

आता रोमिंग चालू करून, थोडं रिचार्ज मारून मला जिवंत ठेवलंय. बँकेचा ओटीपी माझ्यावरच येतो आणि व्हॉट्सअ‍ॅप अजून माझ्याच नावावर आहे, त्यामुळे ऐट अगदीच गेलेली नाही. परदेशी निघालेल्यांनो, आम्हा जुन्यांना बंद करू नका, पण आमच्या भरवशावर तिथं राहूही नका. उतरल्यावर नवा नंबर घ्या, आणि तो आधी पोरांच्या शाळेत लिहून द्या.

परवा शेजारच्या खणातला नवा नंबर वाजला. बालवाडीचा फोन होता. निरंजननं पहिल्या रिंगला उचलला, रंग उडालेल्या चेहऱ्यानं.

"साक्षी डबा घरी विसरली आहे," बाई म्हणाल्या.

तो भिंतीला टेकून हसत सुटला. फोन माझ्यावर आला नव्हता, तरी मला बरं वाटलं.