बादलीतलं शेवाळ

माझ्या हाताला झाड लागत नाही. आमच्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये तुळससुद्धा दोनदा वाळली. त्यामुळे गप्पी माशांच्या काचपेटीत सोडलेलं सुपारीएवढं जावा मॉस, म्हणजे पाण्यात वाढणारं शोभेचं शेवाळ, आठ महिन्यांत अख्खा दगड झाकून बसलं, तेव्हा मी येईल त्याला ओढत नेऊन दाखवत होते. दगडाला ते मीच दोऱ्याने बांधलं होतं. एप्रिलमध्ये पाणी तापू नये म्हणून बर्फाच्या बाटल्या सोडल्या होत्या. लेकराचे करावेत तसे लाड केले.

माझ्या सासूबाई, केशरबाई, जामखेडकडच्या गावाहून कायमच्या राहायला आल्या, त्याला तीन महिने झाले होते. सासरे गेल्यावर अंगदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हट्टाने आणलं. पण बाई पाहुण्यासारख्या राहायच्या. कपाट उघडायचं तरी विचारायच्या. पिशवी पलंगाखाली भरलेलीच. मला त्याचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं. माझं स्वयंपाकघर माझंच राहिलं होतं.

एकदा त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं. "हे हिरवं काय गं?"

मी मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "शेवाळ आहे."

शनिवारी बाजारातून परतले तर पेटी लखलखीत. दगड काथ्याने घासून पांढरा केलेला. मासे पातेल्यात. साबण लावला नव्हता, तेवढी काळजी घेतली होती. बाई पदराला हात पुसत, मी काय म्हणते याची वाट बघत उभ्या.

माझा तोल गेला. "हात लावायला कुणी सांगितलं होतं? तुमचं घर आहे का हे?"

त्यांचा चेहरा उतरला. "तूच म्हनलीस, शेवाळ हाय. आमच्याकडं रांजनाला शेवाळ धरलं तर घरच्या बाईला नावं ठेवत्यात. म्हनलं, तुला कुनी बोलाया नको." एवढं बोलून त्यांनी पलंगाखालची पिशवी ओढली.

मला रडू आलं, स्वतःचीच लाज वाटली. तोंड धुवायला न्हाणीघरात गेले, तर तिथे हिरव्या पाण्याने भरलेली बादली.

"आई, हे काय?"

"पेटीचं पानी. फेकायचं कसं? फरशी पुसाया ठेवलंय."

त्यांच्या गावाला टँकर येतो. भाजी धुतलेलं पाणीसुद्धा त्या ओतून देत नाहीत. मी बादलीत हात घातला. तळाशी मॉसचे धागे होते, तुटलेले पण हिरवेगार. तेवढ्यावरूनही ते पुन्हा वाढतं.

"आई, जिवंत आहे!"

त्या पिशवी टाकून आल्या. चहाच्या गाळणीने आम्ही एकेक धागा गाळून काढला. मी बांधायला लागले, तर त्यांनी दोरा माझ्या हातातून घेतला. वाकळा शिवलेली बोटं ती. गाठ घट्ट बसली.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "घर तुमचंही आहे."

"दगड धर नीट," त्या म्हणाल्या.

महिन्याभराने शेजारच्या ज्योतीताई आल्या. दगडावर हिरवे कोंब फुटले होते. त्या वाकून म्हणाल्या, "अय्या, शेवाळ धरलंय की गं!"

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला, "धरलेलं न्हाई. लावलंय आमी."

मी आत डोकावले. आई माझं कपाट उघडून चहाचा डबा शोधत होत्या, मला न विचारता.