पाच मिलिमीटरची चकती

त्या रविवारी मला सुनेला एकच गोष्ट सांगायची होती, की आता तू आमच्या घरी येऊ नकोस. तशी ती सून राहिलीच नव्हती. मंगळवारी कोर्टाचा कागद हातात आला आणि जान्हवी माझ्या मुलाची, नितेशची, कोणी उरली नाही. माझी कोण उरली, ते कोर्टाने मला विचारलं नाही.

सकाळी चहा ठेवता ठेवता माझी बायको राधा म्हणाली, "ती आज शिलाई मशीन नेवक येतली. आजच सांगून टाका. पुढल्या महिन्यात दिशा घरात येतली. तिच्या माणसांका ह्या येणा-जाणा आवडाचा नाय." दिशा म्हणजे नितेशची होणारी बायको. मी म्हटलं, मग तूच सांग. "तुमचीच लाडकी ना ती?" म्हणाली आणि कपात चहा ओतायला लागली.

मग मी अडचण आली की जे करतो तेच केलं, खाली गाडीकडे गेलो. गिरणीत मी फिटर होतो. गिरणी गेली तशी अंधेरीच्या एका गॅरेजात बावीस वर्षं काढली. गुडघे गेले तेव्हा मुलुंडच्या या सोसायटीत पंपाच्या खोलीशेजारी माझं बस्तान बसलं. वाकायचं काम जान्हवीचं. लग्न होऊन आली त्या महिन्यात चहा घेऊन खाली आली होती. मी म्हटलं, जरा हा पाना धर. तो तिने सात वर्षं सोडला नाही. नवऱ्याचं घर सोडून घाटकोपरला आईकडे गेली, तरी दर रविवारी यायची. शेजारचे नंदकिशोर म्हणायचे, शिवदास, तुझी सून गाडीखाली आणि पोरगा पांघरुणाखाली. मला हसू यायचं. तेव्हाच रडायला हवं होतं.

नितेशला गाडीतलं कळत काही नाही, हौस मात्र दांडगी. येत्या शनिवारी दिशाला घेऊन गावी देवाच्या पाया पडायला जायचं, म्हणून त्याने पुढे चकचकीत अलॉय चाकं बसवून घेतली. पहिल्याच वळणावर करकर. चाकाची आतली बाजू ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणाऱ्या त्या लोखंडी भागाला, घासत होती. उपाय सोपा. चाकामागे चकती घातली की चाक तेवढं बाहेर येतं. माझ्याकडे तीन जोड्या होत्या, तीन, पाच आणि आठ मिलिमीटरच्या. पाचची बसणार हे मला बघताक्षणी कळलं. पण ती घातली असती तर तासाभरात काम आटपलं असतं, आणि मग बोलावं लागलं असतं. मी पाचची जोडी स्टुलावर ठेवली, वर गोणपाट टाकलं आणि त्यावर बसलो.

जान्हवी आली. जॅकवर चढवलेली गाडी बघून तिने पर्स ठेवली आणि बाह्या वर केल्या.

"घासतंय?" तिने विचारलं.

"हो. वरून कणिक आण."

फट मोजायची ही आमची रीत. कॅलिपरवर तेलाचा हात लावून कणकेची गोळी चिकटवायची, चाक चढवून नट आवळायचे, चाक हाताने एकदा फिरवायचं आणि काढायचं. गोळी जेवढी जाड उरली तेवढी फट. निदान दोन आगकाड्यांइतकी हवी, कारण ब्रेक तापतात आणि खड्ड्यात चाक दबतं.

ती कणिक घेऊन आली. "आईंनी दिली. काही बोलल्या नाहीत," म्हणाली आणि खाली बसली.

तीनची चकती घालून पाहिलं. कणिक जेमतेम एका काडीएवढी उरली.

"चालेल," मी म्हटलं. "घासलं तर घासू दे त्याचं चाक. त्याचीच लायकी आहे."

तिने मान वर केली. "असं नका ना बोलू, बाबा. घाटातून जाणारेत ती दोघं. मला नाही चालणार."

ती दोघं, असं ती सहज म्हणाली. मी तिला आठची चकती दिली. तिने चाक पुन्हा चढवलं आणि नट फिरवताना मोजू लागली. चार फेऱ्यांतच नट घट्ट झाला. चकती जाड, त्यामुळे नटाला पकडायला आटे पुरेनात. असं चाक रस्त्यात निखळू शकतं. तिने नट सोडवले, चाक काढलं, हात पुसले आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, उठा जरा."

मी उठलो. गोणपाट उचलून तिने पाचची जोडी काढली. रागावली नाही. "मलापण घाई नव्हती," एवढंच म्हणाली, आणि दोन्ही चाकं नीट बसवली. कणकेवर दोन काड्या मावल्या, वर थोडी जागा उरली.

मशीन डिकीत ठेवलं आणि मी तिला घाटकोपरला सोडायला निघालो. तेवढीच चाचणी होईल म्हटलं. वाटेत भांडुपला कारण नसताना गाडी वळवली, पुढे पुन्हा वळवली. स्टीअरिंग पार शेवटपर्यंत फिरवत होतो. एकदा जरी करकरलं असतं तरी परत फिरता आलं असतं. चाक गप्प होतं. इतकं चोख काम झाल्याचं मला आयुष्यात कधी वाईट वाटलं नव्हतं.

तिच्या आईच्या बिल्डिंगखाली मशीन उतरवलं. ती गाडीच्या खिडकीपाशी आली.

"पुढच्या रविवारी मागचे ब्रेक बघू या? नितेश गावी असेल. आई देवळात गेल्या की येईन, तासाभरात जाईन. कोणाला कळणार नाही."

माझ्या पोरीने मला चोरून भेटायची परवानगी मागितली होती. हो म्हणायला जीभ उचलायची तेवढी होती. डोळ्यांसमोर राधा आली, दिशाची माणसं आली, घरातली रोजची धुसफूस आली.

"नको येऊस," मी म्हटलं.

ती "बरं," म्हणाली. मशीन उचलून चार पावलं गेली, आणि ते खाली ठेवून परत आली.

"पन्नास किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळायचे. शनिवारच्या आत. तुम्ही खाली बसू नका, गुडघे धरतील. कोणाला तरी बोलवा."

मी हो म्हटलं. ती जिन्याआड गेली तरी मी तिथेच बसून होतो. कोणाला बोलावणार? बोलवायला मला एकच माणूस होतं, आणि त्याला मी आत्ताच नको म्हटलं होतं.