मेहुण्यांची तयारी

भाच्याच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. फोनवर मी नुसतं 'हं, हं' करतो, म्हणून बिचाऱ्याने पत्र लिहिलं होतं. त्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. 'बाबा म्हणतात, मामांनी हो म्हटलं तरच जा. महिनाअखेर कळवायचंय.'

मेहुण्यांनी निर्णय माझ्यावर सोपवला तो काही विश्वासाने नव्हे. जन्म वॉर्डात काढूनही मी कशालाच ठामपणे हो म्हणत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. मी कागदामागून कागद फाडत होतो. लोक मला डॉक्टर समजून हात जोडत आणि नर्स आहे कळलं की तेच हात खिशात घालत. हे पोराला सांगावं की नाही?

तेवढ्यात मेहुण्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं आणि बहिणीचा फोन आला. "दादा, लगेच ये. हे हटून बसलेत!"

हॉस्पिटलात मेहुणे गळ्यापर्यंत चादर ओढून पडले होते. ऑपरेशनआधी पोटाखालचे केस काढायचे होते आणि ट्रे घेऊन एक तरुण नर्स उभी होती.

"काका, माझं रोजचंच काम आहे हे."

"माझं नाही ना!"

इन्चार्ज सिस्टर माझ्या हाताखाली शिकलेली. तिने हसू दाबत ट्रे माझ्या हातात दिला. मी हात धुतले, पडदा ओढला.

"देव पावला," मेहुण्यांनी चादर सोडली. "दादा, वॉर्डात एक तरी पुरुष नर्स नको का?"

"हवा ना. पण मुलांना घरचे पाठवत नाहीत."

"मूर्ख आहेत लेकाचे!"

मी केस कापायचं यंत्र सुरू केलं. अर्धं काम झाल्यावर त्यांना आठवलं. "ते आमच्या पोराचं... नको म्हणून लिहून टाका. बायकी काम ते."

मी यंत्र बंद केलं. "मग उरलेलं सिस्टरकडून करून घेता?"

मेहुण्यांना मी आयुष्यात पहिल्यांदाच उलट बोललो. माझ्याच कानांवर माझा विश्वास बसेना.

मेहुण्यांनी एकदा पडद्याकडे बघून घेतलं. मग म्हणाले, "लिहा हो काय लिहायचं ते. आधी हे संपवा."

संपवलं. बाहेरच्या बाकावर बसून लिहिलं, 'खुशाल जा. बाबांचीही संमती आहे.' कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकलं आणि वाटलं, 'संमती' हा शब्द जरा जास्तच झाला का?