मुंगी काढणारा टाक

मित्रांनो, मी एक जुना टाक आहे. टाक म्हणजे काय हे आधी समजावून सांगावं लागतं, यातच माझं वय आलं. वीतभर लाकडी दांडी आणि तिच्या टोकाला खोचलेली पोलादी निब, एवढाच माझा देह. पोटात शाई साठवायची सोय नाही. दौतीत बुडवायचं, चार रेघा ओढायच्या, पुन्हा बुडवायचं. एका दुकानाच्या खणात मी धूळ खात पडलो होतो. तिथून एका तरुण चित्रकाराने मला उचललं. तो तरुण कधीच म्हातारा झाला. घरात त्याला आजोबा म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणतो.

आजोबांचं नाव झालं ते माझ्या बारीक रेघांवर. त्यांनी मांजर काढलं तर मिशीचा केस न् केस वेगळा दिसायचा. लोक म्हणत, "हात आहे की सुई!" आजोबा नुसते हसत, पण मला धरलेली त्यांची बोटं जरा ताठ होत. आणि खरं सांगायचं तर मीही फुगत असे. कितीतरी निबा झिजल्या, बदलल्या. दांडी मात्र तीच राहिली. तिच्यावर त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडला आहे. काम संपलं की मऊ फडक्याने पुसून ते मला पत्र्याच्या डब्यात आडवं ठेवत.

पुढे दिवस पालटले. लोकांना झटपट चित्रं हवीशी झाली. आजोबांकडे कुणी फिरकेना आणि डब्याचं झाकण उघडेना. निबेवर गंजाचे ठिपके आले.

अशात एक दिवस संपादकबाई घरी आल्या. म्हणाल्या, "सर, लहान मुलांचं पुस्तक आहे. एक मुंगी साखरेचा दाणा घेऊन घरी निघते आणि वाट चुकते. वाचणारी मुलं नुकती अक्षरं लावणारी आहेत. चित्रं कशाने काढायची, कशी काढायची, ते तुम्हीच ठरवा."

आजोबांच्या अंगात वीज संचारली. त्यांनी टेबल पुसलं. त्यावर मेणाचे खडू मांडले, जाड ब्रश आणला, रंगीत कागद आणि कात्री ठेवली. शेवटी डबा उघडून मलाही बाहेर काढलं आणि नवी निब बसवली. प्रत्येकाने एकेक मुंगी काढून दाखवायची, असा तो मामला होता. खडूची मुंगी लठ्ठ झाली. कागद कापून केलेली मुंगी खेळण्यासारखी दिसली. ब्रशची मुंगी म्हणजे पाय फुटलेला बटाटा. माझी मुंगी मात्र अशी उतरली की फुंकर मारली तर चालू लागेल.

आजोबांची मुलगी चहा घेऊन आली. ती आणि तिची लेक आजोबांकडेच राहतात. तिने सगळे कागद पाहिले आणि ब्रशच्या चित्रावर बोट ठेवलं.

"बाबा, मला ही आवडली. लांबूनही कळते."

"ही? हिला मुंगी म्हणतात? चाळीस वर्षांच्या नावाला काळं फासशील."

"अहो, पण ठमीला दिसेल तरी."

"आता सगळ्या जगाने काय ठमीच्या चष्म्यातून बघायचं?"

ठमी म्हणजे त्यांची नात. तिची नजर जन्मापासून अधू. चष्म्याची भिंगं जाडजूड, पण त्यांनीही सगळं भागत नाही. नेमकी तेव्हाच ती दारात येऊन उभी होती. आजोबांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा उतरला. पण शब्द तोंडातून सुटला होता.

"आजोबा, मला दिसतं," ठमी म्हणाली. "खूप छान आहे मुंगी."

ती टेबलाजवळ आलीसुद्धा नव्हती. आजोबांनी चहाचा कप उचलला आणि विषय तिथेच संपवला.

मग आम्ही कामाला लागलो. पानापानावर मी गवत काढलं, पात्यापात्यावर शिरा काढल्या, दगडांवर शेवाळं काढलं. त्या जंगलात कुठेतरी आमची मुंगी लपलेली असायची. मुलांनी ती शोधायची, अशी आजोबांची कल्पना. संपादकबाई खूश झाल्या. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात आजोबांनी मला दाबून ठसठशीत सही केली. पहिल्यापासूनच तशी सवय होती त्यांची.

पुस्तक छापायला जाण्याआधी वाचनालयात मुलांना जमवून पानं दाखवायचं ठरलं. टाक कसा असतो ते दाखवायला आजोबांनी मलाही खिशाला लावून नेलं. ठमी पहिल्या ओळीत मांडी घालून बसली होती. तिची आई मागे उभी होती.

संपादकबाईंनी पान उचलून धरलं. "मुंगी कुठे आहे?"

"सापडली! सापडली!" मुलं ओरडली. ठमीही ओरडली, सगळ्यांच्या बरोबरीने.

"हो का? मग ठमी येऊन दाखवेल," संपादकबाई कौतुकाने म्हणाल्या.

ठमी उठली. पानाला नाक लागेल इतकी जवळ गेली. बराच वेळ तिचं बोट हवेत फिरत राहिलं. मग तिने ते कोपऱ्यात टेकवलं.

"ही काय मुंगी."

"अगं वेडे, ती तर सही आहे!" मागचा एक मुलगा म्हणाला आणि सगळी खोली हसली.

मित्रांनो, त्या पानावर तिला दिसण्याजोगं एकच होतं आणि ते होतं आमचंच नाव. गवत मी काढलं, मुंगी मी काढली, पण आपल्याच घरातल्या पोरीसाठी मी फक्त आजोबांची सही काढली होती. आजोबांना भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मला माहीत होतं. मी गंमत केली," ठमी म्हणाली आणि आपल्या जागेवर येऊन बसली. तिचे कान लालबुंद झाले होते. मागे उभ्या असलेल्या तिच्या आईने आजोबांकडे पाहिलंही नाही. तेच त्यांना जास्त लागलं.

घरी जाताना ठमीनेच आजोबांचं बोट धरलं. "तुमची मुंगी फार लबाड आहे हं आजोबा," ती समजूत घातल्यासारखं म्हणाली. चूक मोठ्यांची, आणि समजूत घालतंय कोण, तर हे एवढंसं पोर!

घरी आल्यावर त्यांनी ती सगळी पानं टेबलावर पसरली आणि ठमीला हाक मारली.

"ठमे, खरं सांग. यात तुला काय दिसतं?"

"रागावणार नाही ना?"

"नाही गं."

ठमी पानावर वाकली. "हे धुकं. इथे पण धुकं. इथे थोडं जास्त धुकं. आणि हा काळा डाग."

"आणि मुंगी?"

"मुंगी मी कधी बघितलीच नाही आजोबा. चावते, तेवढं माहीत आहे."

पोर घरात लहानाची मोठी झाली आणि तिला काय दिसतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारलं तर तिला वाईट वाटेल, अशी ते स्वतःची समजूत काढत. खरं म्हणजे उत्तर ऐकायची भीती त्यांनाच होती. ते उठून स्वयंपाकघरात गेले. मुलगी पोळ्या लाटत होती.

"त्या दिवशी मी जे बोललो..." एवढंच त्यांना म्हणता आलं.

"मला नका सांगू बाबा," ती म्हणाली. "जिने ऐकलं, तिला सांगा."

ते पुन्हा टेबलाशी आले. "ठमे, मी फार वाईट बोललो होतो."

"माहीत आहे मला," ठमी म्हणाली. "मी ऐकलं होतं."

आजोबांनी पसरलेली पानं एकेक करून पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी संपादकबाईंना ते म्हणाले, "ती पानं छापू नका. सगळी चित्रं नव्याने काढतो."

"अहो सर, बाकीच्या मुलांना तर फार आवडली."

"माझ्या नातीला दिसत नाहीत. आणि मला हे आधी सांगण्यात आलं होतं, तरी मी हट्टाने काढली." हे बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. बाईंनी छपाई थांबवली.

मला डब्यात ठेवलं गेलं आणि आजोबांनी जाड ब्रश हातात घेतला. सुईसारखा तो हात त्या ब्रशपुढे नवशिक्याचा झाला. रेघ पसरे, रंग ओघळे. मी उघड्या डब्यातून बघत असे. पूर्वी मी त्या ब्रशच्या बटाट्याला हसलो होतो. आता हसू येत नव्हतं. ठमी शेजारी स्टुलावर बसे आणि फर्मानं सोडी. "डोकं मोठं करा. मागचं पांढरंच ठेवा. पाय सुटे सुटे काढा, एकमेकांत अडकलेत." आजोबा निमूटपणे ऐकत. कधी रागाने ब्रश आपटत, मग स्वतःच उचलत.

पुस्तक छापून आलं. एकेका पानावर एकच मुंगी, पान भरून, काळीभोर. ठमीने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं आणि बोट फिरवत मोठ्याने मोजलं, "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा! आई, मुंगीला सहा पाय असतात!"

आई धावत आली, दोघी हसल्या. आजोबा मात्र खिडकीतून बाहेर बघत राहिले. पुढे लोकांनी त्या पुस्तकाचं खूप कौतुक केलं. कुणी समोर स्तुती केली की ते अजूनही विषय बदलतात. एवढ्या उशिरा आलेलं शहाणपण मिरवायला त्यांना जमत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा टाक असेल तर त्याला पुसून कोरडा ठेवा, गंजू देऊ नका. पण त्याच्या बारीक रेघेच्या प्रेमात इतके पडू नका, की ती कुणासाठी ओढायची हेच विसराल. चित्र दाखवाल तेव्हा "छान आहे ना?" असं विचारू नका. "तुला काय दिसतं?" असं विचारा. विचारताना थोडी लाज वाटेल, ती वाटू द्या. न विचारल्याची लाज फार दिवस टिकते.