नववा दिवा विझल्यावर

भिंगने खेळाच्या नियमांचं नवं पुस्तक मधोमध उघडून टेबलावर असं आपटलं, की नकाशावर मांडलेले दोन राक्षस आडवे झाले.

"वाचा. सांधणी मेली म्हणे. एका परिच्छेदात मारली. इतकी वर्षं तिच्या जिवावर दुकान चालवलं आणि मारताना एक अख्खं पानसुद्धा खर्च केलं नाही."

धाकटीने राक्षस उचलून जागेवर ठेवले. भिंग हा तिच्या दादाचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून भिंग. दर रविवारी दुपारी दुकानाचं शटर ओढून तो इथे यायचा आणि दादाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर 'नऊ दिव्यांचा मुलूख' या खेळाचा डाव पडायचा. दादा सूत्रधार. गोष्ट तो सांगणार, राक्षस तो हलवणार, बाकीच्यांनी फासे टाकून आपापल्या पात्राची कातडी वाचवायची. कुणी आलं नाही तर त्याची बाहुली नकाशावरून उचलायची नाही, सूत्रधाराने ती खेळायची, हा या टेबलाचा जुना शिरस्ता. वहिनीची बाहुली, ढाल घेतलेली रखवालदारीण, गेले कित्येक महिने दादाच खेळत होता. वहिनी भिंतीपलीकडच्या खोलीत अंथरुणाला खिळली होती. सुरुवातीला ती पडल्या पडल्या भिंतीवर टिचक्या मारून आपली खेळी सांगायची. एक टिचकी म्हणजे हल्ला, दोन म्हणजे पळा. हळूहळू टिचक्या थांबल्या.

मुलखात देवी नऊ आणि त्यांचे दिवे नऊ. सांधणी ही नववी, जखमा सांधणारी. पात्र कितीही मार खाऊन पडलं, तरी वैदूने तिच्या नावाने मंत्र टाकला की उठून बसायचं. नव्या आवृत्तीत तिचाच दिवा विझवला होता. आता मंत्र नाही आणि पडलेलं पात्र उठणार नाही. जगभरच्या खेळाडूंनी आकाशपाताळ एक केलं होतं, आणि त्या सगळ्यांची वकिली भिंगने स्वतःकडे घेतली होती.

"हा बघ," तो फोनवर बोट सरकवत म्हणाला, "याने पुस्तक अंगणात जाळलं. जाळायला आधी विकत घेतलं, तो भाग वेगळा. ही बाई कॅमेऱ्यासमोर रडतेय. आणि हा म्हणतो, हे लिहिणाऱ्यांच्या घरात कुणी आजारी पडू दे, मग कळेल त्यांना..."

त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. त्याने घाईघाईने बोट पुढे सरकवलं.

"आणि बदल्यात वैदूला काय दिलंय? 'सोबत'. पडलेल्याजवळ बसायचं. लढायचं नाही, औषध नाही, तो जाईपर्यंत नुसतं बसून राहायचं. म्हणजे म्हणे तो भूत होऊन भटकत नाही. लोक रिकाम्या खुर्च्यांचे फोटो टाकतायत, खाली लिहितायत, नवं महाअस्त्र."

खिडकीशी उभा असलेला दादा इतका वेळ रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरशी बोलत होता. जिना अरुंद आहे, स्ट्रेचर वळेल का, प्राणवायूचा सिलिंडर भरलेला आहे ना. फोन टेबलावर ठेवून तो आपल्या जागेवर बसला.

"या टेबलावर सांधणी जिवंत आहे," तो म्हणाला. "त्यांना काय छापायचं ते छापू दे."

"हे बोललास सूत्रधारासारखं," भिंग खूश होऊन म्हणाला.

धाकटी नर्स होती. जिथे माणसं बरी होऊन हसत घरी जातात अशा वॉर्डात ती कधीच नव्हती. वहिनीचा आजार पोटातून यकृतापर्यंत पोचला, तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी न्या म्हणाले. घरी म्हणजे काय, हे धाकटीला समजलं. दादाला समजलं नाही, किंवा त्याने कानाडोळा केला. त्याने दुसरे डॉक्टर गाठले, मग तिसरे, आणि शेवटी दिवसभराच्या अंतरावर एक हॉस्पिटल शोधून काढलं, जिथे आणखी एकदा पोट उघडायची तयारी होती. उद्या सकाळी निघायचं होतं.

आज सकाळी धाकटी वहिनीची पाठ पुसत होती. पाठ कसली, नुसते मणके. तेव्हा वहिनी म्हणाली, "धाकटे, तुझा भाऊ घरभर असतो. फक्त या खोलीत नसतो."

"तो धावपळ करतोय ना, वहिनी."

"तेच म्हणतेय. मला उद्या नेऊ नका गं. वाटेतच जाईन मी, त्या गाडीत. त्याला सांग."

धाकटीने सांगितलं होतं. दादा औषधांच्या पट्ट्या पिशवीत भरत होता, भरतच राहिला. "तू नर्स ना?" तो म्हणाला. "मग तुझ्या तोंडून हे निघतंच कसं?" वहिनीला एकदा विचार, असं ती म्हणाली, तेव्हा तो पिशवी घेऊन खोलीबाहेर निघून गेला. धाकटीला त्याचा राग आला, आणि लहानपणी तापात हाच आपल्या उशाशी बसायचा हे आठवून रडूही आलं.

डाव सुरू झाला. पूल, पुलावर राक्षस, खाली काळं पाणी. भिंगच्या धनुर्धराचे बाण नेहमीप्रमाणे वाया गेले, आणि फासे वाकडे आहेत असं तो नेहमीप्रमाणे म्हणाला. दादाने रखवालदारिणीला पुलाच्या तोंडाशी एकटीला उभं केलं. तो हल्ली दर डावात हेच करायचा. तिला सगळ्यात पुढे घालायचा, ती पडायची, धाकटीचा वैदू मंत्र टाकायचा, ती उठायची. उठली की दादाचा चेहरा जरा सैल पडायचा. धाकटी इतके दिवस मुकाट्याने मंत्र टाकत आली होती.

फासे टाकले. रखवालदारीण पडली. दादाने बाहुली आडवी केली. तिचे बूट लाल होते. रंगवताना वहिनीकडे तेवढाच रंग उरला होता.

"धाकटे, मंत्र टाक."

धाकटीने आपला वैदू उचलून आडव्या बाहुलीशेजारी ठेवला.

"मी तिच्याजवळ बसते."

"काय?"

"बसते. नव्या पुस्तकाप्रमाणे."

"या टेबलावर सांधणी जिवंत आहे, असं आत्ताच बोललो ना मी?"

"असेल. माझ्याच्याने मंत्र म्हणवत नाही, दादा."

दादाने राक्षस एक घर पुढे सरकवला.

"राक्षस तुझ्यावर येतोय. काय करणार?"

"बसते."

"लागलं तुला. खांद्यात. आता?"

"बसलेय."

भिंगने न विचारता फासे टाकले. त्याचा बाण पहिल्यांदाच लागला आणि राक्षस पाण्यात गेला. कुणी आनंद केला नाही. पुलावर आता मारायला कुणी उरलं नव्हतं. दादा आडव्या बाहुलीकडे बघत राहिला.

"ती बोलते," तो म्हणाला. आवाज सूत्रधाराचा नव्हता. "ती म्हणते, मला असं सोडू नका. अजून प्रयत्न करा. ती म्हणते..."

"थांब," भिंग म्हणाला.

त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि पुस्तक डोळ्यांशी नेलं. ज्या पानावर त्याने आज तोंडसुख घेतलं होतं, ते त्याने शेवटपर्यंत वाचलेलं नसावं. "इथे खाली आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "'पडलेल्याला एक शेवटचं बोलणं मिळतं. ज्याचं पात्र, बोलणं त्याचंच. सूत्रधाराने त्याच्या वतीने बोलू नये.'" मग अपराध्यासारखा म्हणाला, "मी नाही रे, पुस्तक म्हणतंय."

नळ ठिबकत होता. दादाने भिंगकडे पाहिलं, मग धाकटीकडे. ओरडेल असं धाकटीला वाटलं. तो ओरडला नाही. त्याने रखवालदारीण उचलून मुठीत धरली आणि उठला. दोन पावलं गेला, परत आला, आपली खुर्ची पाठीला धरून उचलली आणि खोलीत घेऊन गेला. त्या खोलीत बसायला काही नव्हतंच. आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण धाकटी पलंगाच्या कडेवर टेकायची आणि दादा दारातूनच बोलायचा.

खुर्चीचे पाय फरशीवर टेकल्याचा आवाज आला. मग दादाचा आवाज, नीट ऐकू न येणारा. मग नुसती शांतता, आणि त्या शांततेत कुणीतरी पुटपुटतंय इतकंच.

ज्याने बाण लागला तो फासा भिंगने उगाच हातात घोळवला आणि फोन पालथा घालून ठेवला. त्यात लोक अजून भांडत होते.

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. ड्रायव्हर होता. धाकटी वाजणारा फोन घेऊन दारापर्यंत गेली. दादा पलंगाला लागून बसला होता, इतका वाकून की त्याचा कान वहिनीच्या ओठांशी होता. लाल बुटांची बाहुली तिच्या पांघरुणावर होती, आणि बाहुलीवर दोघांचे हात. दादाने मान वळवली नाही. मोकळा हात तेवढा उचलला आणि फोनच्या दिशेने हलवला. नको.

धाकटीने ओट्याशी जाऊन ड्रायव्हरला दोन वाक्यांत सांगितलं, उद्या येऊ नका. मग टेबलाशी येऊन बसली. खुर्ची एक कमी होती.

भिंगचे डोळे भरून आले होते. चष्मा पुसत त्याने विचारलं, "काय म्हणाली रखवालदारीण?"

"अजून बोलतेय," धाकटी म्हणाली.