कालीबाईची तारीख

ब्राह्मणपुरीत केळीची कटाई कधी, कुणाच्या मळ्यात आणि किती मजुरांनी करायची, हे गेली दोन वर्षं गायत्रीची एक्सेल शीट ठरवत होती. लागवडीची तारीख टाकली की थंडीत माल तयार व्हायला लागणारे जादा दिवस धरून कटाईचा आठवडा समोर यायचा. गिरधरकाका केळीचे मोठे व्यापारी. शीट त्यांच्या ऑफिसात चालायची, पण डोकं गायत्रीचं होतं. एका सकाळी काका म्हणाले, "मन्हा भूपेंद्रले समदं शिकाडी दे. होळीना नंतर तुले सुट्टी."

भूपेंद्र म्हणजे सुरतेहून नुकताच परतलेला काकांचा पुतण्या. गायत्री 'बरं' म्हणाली, पण ही सुट्टी कायमची, हे तिने ओळखलं. गरज सरो नि वैद्य मरो, ही म्हण काही उगाच झालेली नाही. शीट सोपवण्याआधी तिने सगळे खाने निवडले, फॉर्म्युले लपवण्याची खूण केली आणि वर पासवर्ड घातला. आता उत्तर दिसायचं, पण ते कशातून आलं ते दिसायचं नाही. भाकरी ताटात, पिठाचा डबा कपाटात.

भूपेंद्रही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून, समोरचा चहा गार व्हायच्या आत त्याने कुलूप काढलं. दोन वर्षांची मेहनत पडद्यावर उघडी पडली. गायत्रीला रडू आलं नाही, संताप आला.

मग तो एका खान्यावर अडकला. तिथे फॉर्म्युलाच नव्हता, नुसती गेल्या वर्षीची तारीख होती, आणि होळीच्या आसपासची सगळी कटाई तिच्यावर लटकलेली. ही कुठून आणली, त्याने विचारलं. गायत्रीने सरळ सांगितलं: मजूर काठी गावच्या होळीला डोंगरात निघतात तो दिवस, दरसाल कालीबाईला विचारून भरायचा. कालीबाई ही डोंगरातल्या मोलगीकडच्या मजूर टोळीची मुकादम.

भूपेंद्रने लगेच स्पीकरवर फोन लावला. "आमनं आजून ठरनं नही, भाऊ," म्हणून कालीबाईने तो ठेवूनही दिला.

काकांना कारण ठाऊक होतं. दिवस कळला की मालक नेमकी तेव्हाच मोठी कटाई काढायचे आणि आज थांबा, उद्या थांबा करत टोळी अडकवायचे. होळी पेटून गेल्यावर घरी पोचून काय उपयोग? म्हणून टोळ्या न सांगताच उठून जायच्या आणि माल झाडावर पिवळा पडायचा. गायत्रीने मात्र दोन्ही वर्षं कालीबाईच्या माणसांना वेळेवर मोकळं केलं होतं.

जरा वेळाने गायत्रीचा फोन वाजला. कालीबाईच होती. "कोनी ऐकी ऱ्हायनं का?" तिने आधी एवढंच विचारलं. गायत्री उठून बाहेर गेली, निंबाखाली उभी राहून तिने सगळं ऐकलं आणि ती परत आली.

"कोनता दिन?" काकांनी विचारलं.

गायत्रीने फोन बाजूला ठेवला. "तारीख माले सांगेल शे काका, तुमले नही. मी आठे कामले ऱ्हासू, तरच ती भरसू. आनि त्या दिन टोळीले अडकावानं नही."

काकांनी दारातून बाहेर पाहिलं. समोर केळी भरायला आलेला ट्रक रिकामाच उभा होता.

"भूपेंद्र, ऊठ," ते म्हणाले. "तिनी खुर्ची तिले दे."