पिवळ्या गळ्याचे सरडे

मी जीवशास्त्र विभागातला फ्रीजर बोलतोय. भाजी-दूध ठेवायचा नव्हे. प्राण्यांचे नमुने वर्षानुवर्षं कडाक्याच्या थंडीत जपणारा. आता मागच्या जिन्याखाली उभा आहे. दारही काढून नेलंय.

मी आलो तेव्हा मॅडमचे केस काळेभोर होते. त्या इथल्या प्राध्यापक. शहराबाहेरच्या एका टेकडीवर दोन तऱ्हेचे सरडे होते. नारिंगी गळ्याचे भांडकुदळ, दिसेल त्याच्या अंगावर धावून जाणारे. पिवळ्या गळ्याचे आपले दगडाआड गप्प. मॅडम तासन्‌तास उन्हात बसून हे टिपायच्या. मग सरडा अलगद धरून शेपटीचं इवलंसं टोक कापायच्या, त्याला सोडून द्यायच्या आणि टोक कुपीत घालून माझ्या हवाली करायच्या.

"पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए फक्त आईकडून येतो," त्या विद्यार्थ्यांना सांगायच्या. "तो वाचला की आईची आई, तिची आई, असं मागं जाता येतं. मला वाटतं, या पिवळ्यांची मूळ आई वेगळीच असावी."

वाटत होतं, सिद्ध व्हायचं होतं. अकरा वर्षांत चारशे बारा कुप्या जमल्या. त्यातल्या जेमतेम साठांतला डीएनए वाचून झाला होता, तोच टेकडीवर दगडाची खाण सुरू झाली आणि दोन वर्षांत टेकडीच उरली नाही. शेवटच्या फेरीहून मॅडम आल्या, म्हणाल्या, "एकही दिसला नाही." पिवळे सरडे आता उरले होते ते माझ्या पोटात.

मीही थकलो होतो. विभागातले शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांनी ओळखलं. "मॅडम, हा हल्ली धापा टाकतोय."

मॅडमनी नव्या फ्रीजरसाठी अर्ज केला. उत्तर आलं, पुढच्या वर्षी बघू. त्यांनी पुन्हा अर्ज केला. पुन्हा तेच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत विभागाला कुलूप लागलं. मॅडमची आई अंथरुणाला खिळली होती, म्हणून त्या तिच्याकडे गेल्या. तिसऱ्या दिवशी माझं यंत्र बंद पडलं. माझी धोक्याची घंटा वाजत राहिली, पण ऐकायला कोणीच नव्हतं. जमेल तेवढा गारवा मी धरून ठेवला. मग तोही सुटला.

आई गेल्यावर पंधरा दिवसांनी मॅडम परतल्या. मामांनी माझं दार उघडलं आणि वास खोलीभर पसरला.

"तुम्ही बाहेर थांबा, मॅडम."

"नको. फडकं द्या."

त्यांनी एकेक कुपी पुसली, नंबर वाचला, ओळीनं मांडली. शंभराच्या आसपास हात थांबला. "मामा, आई शेवटी मला ओळखत नव्हती. तरी तिला सोडून येववेना. आणि इकडे हे…" मामांनी खुर्ची पुढं सरकवली.

त्या नासलेल्या कुप्यांतून डीएनए वाचायची त्यांनी वर्षभर खटपट केली. हाती आले ते त्याचे नुसते तुकडे, एकाला एक जुळेनात. शोधनिबंध अर्धाच राहिला.

माझं एवढं ऐका. आम्ही जपू, या भरवशावर राहू नका. आम्ही यंत्रं आहोत, बंद पडतो. टेकडी उभी असेल तोवर टेकडीच जपा.

निवृत्तीच्या दिवशी मॅडम याच जिन्यानं उतरल्या. मला पाहून थबकल्या. वाटलं, आता चार शब्द सुनावतील. तेवढं तरी ऐकायची माझी तयारी होती. त्यांनी पदरानं माझ्यावरची धूळ पुसली आणि त्या निघून गेल्या.